शिफारसपत्र (वैद्यकीय प्रवेश)

वैद्यकीय अभ्यासक्रमासाठी किंवा पदव्युत्तर रुग्णालयीन प्रशिक्षणासाठी अर्ज करणाऱ्या उमेदवाराविषयी, त्याला शिकवलेल्या किंवा त्याचे काम जवळून पाहिलेल्या व्यक्तीने संस्थेला लिहिलेले पत्र म्हणजे शिफारसपत्र होय. अमेरिकेतील प्रवेशप्रक्रियेत ते आवश्यक मानले जाते. भारतात एम.बी.बी.एस.चा प्रवेश 'नीट' परीक्षेच्या गुणांवर होतो व त्यासाठी शिफारसपत्र लागत नाही. त्यामुळे पुण्यातील बैरामजी जीजीभॉय (बी. जे.) शासकीय वैद्यकीय महाविद्यालयासारख्या संस्थांतील विद्यार्थ्यांचा या पत्राशी पहिला संबंध बहुधा पदवीच्या अखेरीस, परदेशातील प्रशिक्षणासाठी अर्ज करताना येतो.

इतिहास

परदेशी वैद्यकीय शिक्षण आणि पत्रव्यवहार यांचे नाते महाराष्ट्रात जुने आहे. गोपाळराव जोशी यांनी पत्नी आनंदीबाईंच्या शिक्षणासाठी रॉयल वाइल्डर या अमेरिकी मिशनऱ्यास पत्र लिहिले. वाइल्डर यांनी ते आपल्या नियतकालिकात छापले आणि ते वाचून न्यू जर्सीतील थिओडिशिया कार्पेंटर यांनी आनंदीबाईंना मदतीचा हात दिला. अमेरिकेत पोहोचल्यावर जून १८८३ मध्ये आनंदीबाईंनी पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाकडे स्वतः अर्जाचे पत्र पाठवले. आप्त व ज्ञातिबांधवांचा विरोध पत्करून आपण आलो आहोत, आणि पुरुष डॉक्टरकडून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या देशभगिनींची सेवा करायची आहे, असा त्याचा आशय होता. त्यांना प्रवेश मिळाला व मार्च १८८६ मध्ये पदवीही मिळाली. काटेकोर अर्थाने ते शिफारसपत्र नव्हे. तरी उमेदवाराच्या निर्धाराचा पुरावा म्हणून विशेषणांऐवजी घडलेली गोष्ट मांडणे, हा त्यातील गुण आजच्या शिफारसपत्राकडूनही अपेक्षित असतो.

स्वरूप

पत्र संस्थेच्या लेटरहेडवर टंकलिखित असावे. त्यावर दिनांक, लेखकाची स्वाक्षरी, पूर्ण नाव, हुद्दा, विभाग आणि संपर्काचा तपशील असावा. गोल शिक्का ही भारतीय कार्यालयीन सवय आहे. तो असल्याने बिघडत नाही, पण स्वाक्षरीची जागा तो घेऊ शकत नाही. लांबी साधारणतः एक ते दीड पान पुरते.

कागदाचा आकार ही क्षुल्लक वाटणारी पण अडचणीची बाब आहे. भारतात ए-४ कागद (२१० × २९७ मि.मी.) वापरतात, तर अमेरिकेत ८.५ × ११ इंचांचा. ए-४ हा उंचीने सुमारे पाऊण इंच जास्त असल्याने, आकार न बदलता छापल्यास तळाचा मजकूर कापला जाऊ शकतो, आणि तळाशी नेमकी स्वाक्षरी असते.

नावाचा प्रश्न महाराष्ट्रात विशेष जाणवतो. गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचे व वडिलांचे नाव असा क्रम अनेकदा असतो. पारपत्रावर तो वेगळा असतो. विवाहानंतर नाव बदलले असल्यास गोंधळ आणखी वाढतो. पत्रातील नाव अर्जातील नावाशी अक्षरशः जुळले पाहिजे.

मजकूर

आरंभी लेखक उमेदवारास किती काळ व कोणत्या नात्याने ओळखतो हे सांगितले जाते. त्यानंतरचा भाग महत्त्वाचा. 'मेहनती, प्रामाणिक व नम्र' हे शब्द चारित्र्याच्या दाखल्यात चालतात, कारण तो दाखला उमेदवाराविरुद्ध काही नोंद नाही एवढेच सांगतो. शिफारसपत्राने एखादा प्रसंग सांगावा लागतो: वॉर्डात रात्रपाळीला उमेदवाराने रुग्णाची माहिती कशी घेतली, नातेवाइकांना मराठीत काय व कसे समजावले, चूक लक्षात आल्यावर कोणाला कळवले. रुग्णाची ओळख पटेल असा तपशील मात्र त्यात येऊ नये. आपल्या इतर विद्यार्थ्यांशी केलेली तुलना वाचकास उपयोगी पडते. केवळ मोठ्या हुद्द्यासाठी अपरिचित विभागप्रमुखाचे पत्र घेणे बहुधा वाया जाते.

गोपनीयता

अमेरिकी पद्धतीत उमेदवार पत्र पाहण्याचा हक्क सोडू शकतो. अशी पत्रे अधिक विश्वासार्ह मानली जातात. निवासी डॉक्टरांच्या 'एरास' या अर्जप्रणालीत उमेदवार विनंतीचा अर्ज व त्यावरील क्रमांक लेखकाकडे देतो आणि पत्र लेखकच थेट चढवतो. एका प्रशिक्षणस्थळासाठी कमाल चार पत्रे जोडता येतात. विद्यार्थ्याने स्वतः मसुदा लिहून प्राध्यापकांची केवळ सही घेण्याची प्रथा या व्यवस्थेशी सरळ विसंगत आहे. हक्क सोडल्याचे लिहून देणाऱ्यानेच ते पत्र लिहिलेले असते, आणि एकाच हाताच्या दोन-तीन पत्रांतील समान वाक्ये वाचणाऱ्यास सहज ओळखू येतात. वेळ नसलेल्या प्राध्यापकांना गुणपत्रिका, कामाची टिपणे आणि अंतिम मुदत लिहून देणे हा त्यावरचा योग्य मार्ग होय. प्राध्यापकांनी संकोच दाखवल्यास दुसऱ्यास विचारावे. कोमट पत्र न पाठवलेल्या पत्रापेक्षा अधिक नुकसान करते.