घंटेची पेंढी

नसरापूरच्या बनेश्वरास दर्शनाला गेलेल्या पुष्कळांनीं तेथील घंटा वाजविली असेल. ती निरखून पाहणारे थोडे. देऊळ नानासाहेब पेशव्यांच्या कारकीर्दींतलें, १७४९ सालचें. शिवगंगेच्या कांठीं झाडींत बांधलेलें. घंटेवर मात्र क्रूस असून १६८३ हें साल आहे. चिमाजी अप्पांनीं १७३९ सालीं वसई घेतली, त्या मोहिमेंत पोर्तुगीजांकडून ज्या घंटा आल्या त्यांपैकीं ही एक, असें मानितात. भीमाशंकरास व नाशिकास नारोशंकराच्या देवळांतही अशाच घंटा आहेत. घंटा एका धर्माच्या मनोऱ्यांतून दुसऱ्या धर्माच्या मंडपांत आली, तरी तिचा नाद दोन्हींकडे समजतो. तिला वाजविणाऱ्या माणसाच्या नांवाचें मात्र तसें नाहीं. तें एका भाषेंतून दुसरींत नेऊं लागलें कीं अडचणी सुरू होतात.

या अडचणी कशा असतात हें जर्मन चर्चच्या जुन्या शब्दांवरून फार चांगलें दिसतें. तेथील गांवोगांवच्या चर्चमध्यें सोळाव्या-सतराव्या शतकापासून बाप्तिस्मा, विवाह व मृत्यु यांच्या वह्या ठेवीत असत. सबंध जर्मन साम्राज्यांत सरकारी जन्ममृत्युनोंद १८७६ सालीं लागू झाली. त्यापूर्वींच्या साधारण माणसाचा पत्ता बहुधा या वह्यांतच लागावयाचा. आपल्याकडे कुलवृत्तांत लिहिणारे गृहस्थ त्र्यंबकेश्वराच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या चाळतात, त्याप्रमाणें अमेरिकेंत जाऊन राहिलेल्या जर्मनांचे वंशज आपला पणजा-खापरपणजा या वह्यांत शोधतात. त्यांतील पुष्कळांस आतां जर्मन येत नाहीं. त्यांना इंग्रजी प्रतिशब्द हवा असतो, आणि तो जसा मिळेल तसा त्यांचा पूर्वज ठरतो.

समजा, वहींत पणजोबांच्या नांवापुढें 'क्यूस्टर' असें लिहिलें आहे. शब्द लॅटिनमधला, मूळ अर्थ 'राखणारा'. इंग्रजी कोश म्हणतो, 'सेक्स्टन'. आतां साध्या इंग्रजी वाचकाच्या डोळ्यांपुढें सेक्स्टन म्हटला कीं खांद्यावर फावडें घेतलेला, थडगें खणणारा मनुष्य उभा राहतो. वास्तविक, उत्तर जर्मनींतील खेड्यांत हा क्यूस्टर घंटा वाजवी, चर्च झाडीपुसी, दिवे व उपकरणीं सांभाळी, पुष्कळ ठिकाणीं ऑर्गन वाजवून गाणें चालवी, आणि फार करून तोच गांवचा पंतोजीही असे. म्हणजे ज्याच्या हाताखालीं सगळें गांव अक्षर गिरवावयास शिकलें, तो भाषांतरांत थडगीं खणणारा होऊन बसला. यांत खणणाऱ्याचा कमीपणा नाहीं. पण पणजोबा हातून गेले, एवढें खरें.

गंमत अशी कीं, इंग्रजींत जें जमत नाहीं तें मराठींत बरेंच जमतें. देवळाची झाडलोट, बेलफूल, दिवाबत्ती, वाजंत्री, आणि या सर्वांबद्दल गांवकीकडून बलुतें घेणारा गुरव आपल्या डोळ्यांपुढें आहेच. या बलुत्याला जोड तिकडेही होती. कापणीच्या वेळीं घंटा वाजविणाऱ्याला शेतकरी धान्याच्या पेंढ्या देत. तिचें जर्मन नांव 'लॉयटेगार्बे', म्हणजे शब्दशः घंटानादाची पेंढी. इंग्रजींत याला सुटसुटीत शब्द नाहीं. 'फी' म्हणावें तर खळें नाहींसें होतें, 'टाइथ' म्हणावें तर तो चर्चचा दशमांश कर, निराळीच गोष्ट. 'घंटेचें बलुतें' म्हटलें कीं आपल्याकडील कोणाही शेतकऱ्याला कळेल. गुरवकी जातीनें व वंशपरंपरेनें चाले, क्यूस्टर नेमलेला असे. तिकडेही बापामागून मुलगा येण्याची चाल पुष्कळ होती, तरी हा भेद विसरतां येत नाहीं.

उलट गुरव इंग्रजींत नेऊं पाहिला तर तीच फजिती. 'प्रीस्ट' म्हणावें तर तो गांवच्या जोशी-उपाध्यायांत मिसळतो. 'टेंपल सर्व्हंट' म्हणावें तर शिवाच्या नैवेद्यावरील त्याचा हक्क दिसेनासा होतो.

कांहीं जर्मन शब्द तर वेषांतर करून फसवितात. 'एव्हांगेलिश' हा शब्द इंग्रजींतील 'इव्हँजेलिकल'सारखाच दिसतो. पण इंग्रजी शब्दानें एका विशिष्ट, उत्साही पंथाचा बोध होतो, आणि जर्मन शब्दाचा अर्थ बहुधा नुसता 'प्रॉटेस्टंट' एवढाच. प्रशियांत १८१७ सालीं राजे तिसरे फ्रेडरिक विल्यम यांनीं लूथरच्या व कॅल्व्हिनच्या अनुयायांचा संयोग घडवून आणला, तेव्हां त्या संयुक्त चर्चला हेंच नांव मिळालें. 'झुपरिंटेंडेंट' तर आपल्या परिचयाचाच! पोलिस, तुरुंग, वसतिगृह, सर्वत्र तो आहे. लूथरपंथी चर्चांत मात्र तो अनेक गांवांच्या पाद्र्यांवर देखरेख करणारा धर्माधिकारी. बिशप या पदाचा मूळ ग्रीक अर्थही 'देखरेख करणारा' असाच. तरीही भाषांतरांत 'बिशप' घातला तर त्याच्याबरोबर उंच टोपी व रोमचें वैभव आंत शिरतें, आणि 'सुपरिंटेंडेंट' ठेवला तर वाचक दंडुका शोधूं लागतो.

शब्दांवरून वादही कांहीं थोडे झाले नाहींत. बायबलांत श्रद्धावंतांच्या मेळाव्याला जो ग्रीक शब्द आहे, त्याला लूथरनें १५२२ च्या नव्या करारांत 'गेमाइने' म्हटलें. आज तो 'गेमाइंडे' असा लिहितात. अर्थ, लोकसमूह. इंग्रज टिंडेलनें १५२६ सालीं त्याच धोरणानें 'काँग्रिगेशन' हा शब्द योजिला. सर टॉमस मूर यांनीं त्याबद्दल त्याच्यावर कडक टीका केली, कारण या शब्दानें धर्मसत्ता बिशपांच्या हातून निघून जमलेल्या लोकांकडे जाते असा त्याचा रोंख होता. टिंडेलला १५३६ सालीं मृत्युदंड झाला. केवळ या शब्दासाठीं नव्हे, पण अशा शब्दांचा त्यांत वांटा होता. पुढें १६११ सालीं जेम्स राजाच्या आज्ञेनें झालेल्या भाषांतरांत 'चर्च' हाच शब्द राखावा असा भाषांतरकारांना नियमच घालून दिला होता. मराठी बायबलानें येथें 'मंडळी' हा शब्द घेतला, आणि तो लूथरच्या शब्दाला इंग्रजीपेक्षां किती तरी जवळचा आहे. घरांतील माणसें ती मंडळी, भजनास बसलेली ती मंडळी, आणि जुन्या पिढींतल्या गृहस्थांनीं संकोचानें केलेला पत्नीचा उल्लेख, तोही 'आमची मंडळी' असाच! इमारतीचा वास या शब्दाला कोठेंच नाहीं.

मग इंग्रजींत करावयाचें काय? याचें उत्तर इंग्रजांनींच हिंदुस्थानांत दिलेलें आहे. वतन, बलुतें, कुळकर्णी हे शब्द त्यांच्या कचेऱ्यांत इतके अडूं लागले कीं, होरेस हेमन विल्सन यांनीं १८५५ सालीं न्याय व महसूल खात्यांतील देशी शब्दांचा मोठा कोश प्रसिद्ध केला. त्यांत मूळ शब्द तसाच ठेवून पुढें त्याचा सविस्तर अर्थ दिला आहे. कुळकर्ण्याला 'क्लार्क' करून भागत नाहीं हें ज्यांना पटलें, त्यांना क्यूस्टरला 'सेक्स्टन' करून भागत नाहीं हें पटावयास हरकत नसावी. वहीच्या इंग्रजी प्रतींत 'क्यूस्टर' तसाच राहूं द्यावा. त्या गांवीं, त्या सालीं तो काय काय करी हें शेजारीं लिहावें. आणि ज्या नोंदीवरून तें कळलें ती नोंदही सांगावी, म्हणजे पुढचा वाचक ती तपासूं शकेल. काम वाढतें, हें कबूल. मराठी प्रतीसाठीं इतका पसारा नको. 'तिकडचा गुरव, शिवाय पोरांचा पंतोजी' एवढें लिहिलें तरी नसरापुरांत कोणी त्याच्या हातीं फावडें देणार नाहीं.