हरिणाचें शिंग आणि शिकारीचा हंगाम

युरोप-अमेरिकेंतील शिकारवर्णनें वाचणाऱ्यास एक गोष्ट वारंवार आढळते. तिकडे हरिण, एल्क, अस्वल यांच्या शिकारीचा हंगाम शरद ऋतूंत येतो. सप्टेंबर उजाडला कीं बंदुका पुसून तयार होतात आणि बर्फाचे दिवस आले कीं हंगाम आटोपतो. हेंच पंचांग बुटीबोरीस आणून लावलें तर काय होईल? बुटीबोरी हें नागपूर-वर्धा लोहमार्गावरील स्टेशन, नागपुराच्या दक्षिणेस सुमारें २८ किलोमीटरांवर. भोंवतीं वेणेच्या खोऱ्यांतील काळी कपाशीची जमीन, पश्चिमेस बोरकडच्या टेकड्या, पूर्वेस उमरेडकडचें जंगल. येथें आश्विनांत जंगलांत शिरणाऱ्यास पांच पावलांपलीकडचें दिसत नाहीं, कारण गवत डोक्याला लागलेलें असतें. ओढे वाहते असल्यामुळें जनावर एका पाणवठ्याला बांधलेलें नसतें. आणि पूर्वीं हिंवतापाचा जोरही याच दिवसांत असे. म्हणून मध्यप्रांतांत बंदूकवाल्यांची वर्दळ दिवाळीनंतर सुरू होई, आणि गवत जळून पाणी आटलें म्हणजे चैत्र-वैशाखांत ती ऐन भरास येई. हंगाम असा शिकाऱ्याच्या सोयीनें ठरला. जनावराची सोय निराळी होती, आणि ती समजण्यास शिंगापासून आरंभ करावा लागतो.

मराठींत हरिण हा शब्द फार सैलपणें वापरतात. चितळ, सांबर व भेकर हीं एका कुळांतलीं. काळवीट, चिंकारा, चौसिंगा आणि शेतकऱ्याचा जुना वैरी रोही हे दुसऱ्या कुळांतले, गाई-शेळ्यांच्या नात्यांतले. पहिल्या कुळांतील नराचें शिंग म्हणजे निव्वळ हाड. तें जुनें गळून पुन्हां नवें उगवतें. वाढत असतां त्यावर मऊ लवदार कातडें असतें व त्यांतून रक्त खेळतें. त्या दिवसांत शिंग इतकें नाजूक असतें कीं नर झुंजीस उभा राहत नाहीं. वाढ पुरी झाली कीं कातडें वाळतें, जनावर तें झाडाच्या बुंध्यावर घासून काढतें, आणि मग त्याचा माज सुरू होतो. माज सरल्यावर कालांतरानें शिंग गळून पडतें. काळविटाची गोष्ट वेगळी. त्याच्या शिंगांत हाडाचा खुंट असून वर नखाच्या जातीचें पिळदार कवच असतें. तें एकदांच येतें आणि जन्मभर टिकतें.

थंड देशांत हिंवाळ्याच्या धाकानें हें चक्र ठरावीक महिन्यांत बांधलें गेलें आहे. पाडस उन्हाळ्याच्या तोंडीं जन्मलें तरच बर्फ पडण्यापूर्वीं तें सशक्त होणार. तेव्हां माज सप्टेंबर-ऑक्टोबरांतच यावयाचा. त्या वेळीं नराचें शिंग कडक व अंग भरलेलें असतें, पाडसें आईमागें धांवण्याइतकीं मोठीं झालेलीं असतात, आणि अस्वलही हिंवाळ्याच्या झोपेसाठीं खाऊन लठ्ठ झालेलें असतें. तिकडचा शरदांतील हंगाम अशा रीतीनें जनावराच्या देहधर्मावर बसला आहे.

विदर्भांत बर्फ नाहीं, म्हणून ती शिस्तही नाहीं. सांबर तेवढें कांहींसें नियमानें चालतें. त्याचा माज कार्तिक-मार्गशीर्षांत, पाडसें बहुधा आठ महिन्यांनीं पावसाळ्यांत, आणि शिंगें चैत्राच्या पुढें गळावयाचीं. चितळाच्या एकाच कळपांत कडक शिंगांचा नर, लवदार शिंगांचा नर आणि शिंगें नुकतींच गळालेला नर असे तिघेही दिसतात. माजाचा जोर उन्हाळ्यांत असला तरी पाडसें बाराही महिने सांपडतात. काळवीट व रोही यांचेंही तेंच. आतां वैशाखांतील पाणवठा डोळ्यांपुढें आणावा. बंदुकीस याहून सोईचा काळ नाहीं. पण याच वेळीं सांबरी पांच-सहा महिन्यांची गाभण असते, आणि नर बोडका असल्यामुळें मावळत्या उजेडांत नर कोणता व मादी कोणती हें ओळखणें कठीण जातें.

या अडचणीवर सरकारनें काढलेला उपाय अपुरा होता. १९१२ सालीं वन्य पक्षी व पशु यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. बंदीचे महिने ठरविण्याचा अधिकार प्रांतिक सरकारांस मिळाला. पहिल्या अपराधास दंड फार तर ५० रुपये. राखीव जंगलांचे ब्लॉक पाडून परवाने देत व किती जनावरें मारावीं याची मर्यादा घालीत. मादी मारूं नये, नर मारावा तो कडक शिंगाचाच, हा सुज्ञ शिकाऱ्यांचा दंडक होता; पण तो पाळला कीं नाहीं हें पाहण्यास जंगलांत दुसरें कोण असणार? याच प्रांतांतील जंगल-अधिकारी डनबार ब्रँडर यांनीं १९२३ सालीं येथील वन्य पशूंवर एक मोठें पुस्तक लिहिलें. तें शिकाऱ्याचें खरें, परंतु जनावराकडे पाहण्याची जी दृष्टि त्यांत आहे ती पुष्कळ परवानेवाल्यांपाशीं नव्हती.

त्या कायद्याच्या यादींत हरिणें होतीं, ससेसुद्धां होते; अस्वल नव्हतें. इकडील अस्वल हिंवाळाभर झोपत नाहीं. वाळवी, मध, बोरें, टेंभुर्णीं, मोहाचीं फुलें यांवर तें वर्षभर हिंडतें. पिलें हिंवाळ्यांत गुहेंत जन्मतात आणि बाहेर पडलीं कीं कित्येक महिने आईच्या पाठीवर बसून फिरतात. फाल्गुन-चैत्रांत मोहाखालीं मारलेली अस्वली एकटी मरत नसे. उलट बाजूही सांगितली पाहिजे. पहांटे त्याच मोहाखालीं फुलें वेंचणाऱ्या बाया असतात, आणि अचानक गांठ पडलेलें अस्वल पळण्याऐवजीं तोंडावर झडप घालतें.

माळावरच्या काळविटाचा जुना शिकारी म्हणजे फांसेपारधी. पाळलेल्या काळविटाच्या शिंगांना तांतीचे फांस बांधून तो त्यास रानटी कळपाजवळ सोडी. कळपाचा धनी झुंजीस येई आणि त्याचींच शिंगें फांसांत अडकत. या युक्तींत जनावराच्या स्वभावाचें जेवढें ज्ञान आहे तेवढें बंदुकीस लागत नाहीं. परंतु परवाना घेणारे साहेब व मालगुजार शिकारी ठरले, आणि पोटासाठीं फांस लावणारा चोर ठरला. माळ नांगराखालीं गेले, शेतराखणीच्या बंदुका वाढल्या, मोटारींचे दिवे आले. विदर्भांत काळविटांचे कळप आतां मुख्यतः कारंजा-सोहोळसारख्या अभयारण्यांत पाहावयाचे.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानेंही प्रथम परवान्यानें शिकार चालूं दिली होती; १९९१ च्या दुरुस्तीनें हंगामाचा प्रश्नच काढून टाकला. आज त्याचें नववें कलम शिकारीस बंदी करतें. बोर अभयारण्य १९७० चें, तें २०१४ सालीं व्याघ्रप्रकल्प झालें. उमरेड-कऱ्हांडला अभयारण्य २०१२ चें. बुटीबोरीस आतां मोठी औद्योगिक वसाहत आहे. तरी भोंवतालच्या गांवांत शरदाच्या रात्रीं मचाण चढतेंच, कारण कपाशी व तूर उभी असते आणि रोही व रानडुक्कर येतात. त्यांच्यासाठीं अकरावें कलम आहे. पिकाची नासधूस करणारें जनावर मारण्यास अधिकाऱ्याची लेखी परवानगी मिळूं शकते. ती कारणांसह द्यावी लागते. अशा परवानगीनें मारलेलें जनावर मारणाऱ्याचें होत नाहीं. मांस, कातडें व शिंग हीं सरकारचीं.