काचबिंदूचे थेंब : कोणते, कुणाला?

गेल्या उन्हाळ्यात वसमतच्या बाजारात हळद घालून एक सत्तरीचे शेतकरी माझ्याकडे आले. तक्रार दम लागतो ही. दमा जुनाच, औषधही माझेच. हळदीच्या धुळीने उचल खाल्ली असेल असे समजून मी पंप वाढविला. आठ दिवसांनी गोळ्या दिल्या. दम हटेना. तिसऱ्या खेपेस सुनेने पिशवीतून लहानशी बाटली काढली आणि म्हणाली, "साहेब, हे पण बघा की."

काचबिंदूसाठी दिलेले टिमोलॉलचे थेंब होते. महिनाभरापूर्वी सुरू झालेले. डोळ्यांत काही घालता का, हे मी दोन्ही वेळा विचारलेच नव्हते. मामा म्हणाले, "डोळ्यातल्या थेंबाला काय औषध म्हणायचं, साहेब?"

म्हणायचे! डोळ्यातला थेंब बारीक नळीने नाकात उतरतो व तेथून थेट रक्तात जातो. टिमोलॉल दमेकऱ्याच्या श्वासनलिका आवळते, नाडीही मंद करते. त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना फोन करून थेंब बदलून घेतले. आठवड्यात मामांचा दम बसला.

मोतीबिंदूची दृष्टी शस्त्रक्रियेने परत येते, काचबिंदूत गेलेली येत नाही. डोळ्यातील दाब साधारणतः १० ते २१ असतो. काचबिंदूत बहुधा तो वाढून डोळ्याची नस सुकत जाते. काहींची नस दाब न वाढताही सुकते. नागपूर जिल्ह्यातील खेड्यांत डोळ्यांची मोठी पाहणी झाली, तीत तिशीपुढील शंभरांत सुमारे तिघांना काचबिंदू आढळला. थेंबांनी उरलेली दृष्टी राखली जाते, वाढत नाही. म्हणूनच 'फरक नाही' म्हणून लोक ते सोडतात.

टिमोलॉल स्वस्त व गुणकारी आहे, पण दमा किंवा मंद नाडी असणाऱ्यांनी टाळावे. लॅटानोप्रॉस्टला अमेरिकेत १९९६ मध्ये मान्यता मिळाली. रात्री एकच थेंब पुरतो आणि दाब पाव ते एक तृतीयांश उतरतो. डोळे लाल होतात, पापण्यांचे केस लांबतात (काही भगिनींची याबद्दल तक्रार नसते!), पापणीची कातडी काळवंडते. मात्र ते महाग पडते. त्याची सीलबंद बाटली बहुधा फ्रीजमध्ये ठेवावी लागते, आणि आपला उन्हाळा चाळिशीपार. घरी फ्रीज नसेल तर तसे सांगा; थंडाव्याशिवाय टिकणारा प्रकारही मिळतो. ब्रिमोनिडीनने तोंड कोरडे पडते, झापड येते. तान्ह्या मुलांना ते धोक्याचे. डॉर्झोलॅमाइड झोंबते, तोंड कडू करते. सल्फाची ॲलर्जी असल्यास आधी सांगावे. जुने पायलोकार्पिन बाहुली बारीक करते, त्यामुळे संध्याकाळी अंधुक दिसते. आता ते क्वचितच देतात.

थेंब एकच घालावा. मग डोळा मिटून नाकाकडचा कोपरा दोन मिनिटे बोटाने दाबावा, म्हणजे औषध डोळ्यातच राहते. दुसरे थेंब असतील तर पाच मिनिटांनी. त्रास झाला तरी परस्पर बंद करू नयेत, बदलून घ्यावेत. पण धाप लागली किंवा चक्कर आली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. आणि डोळे लाल झाले म्हणून दुकानातून स्टिरॉइडचे थेंब आणून महिनोन्‌महिने घालू नयेत. त्यांनीच दाब चढतो.

मामा आता दवाखान्यात आले की आधी बाटली टेबलावर ठेवतात, मग बसतात.