शेअर कारखान्याचा, शेअर स्टार्टअपचा

अहिल्यानगर, विशेष प्रतिनिधी

नगर जिल्ह्यातील शेतकरी कुटुंबाला ‘शेअर’ हा शब्द नवा नाही. तो गावात आला साखर कारखान्याबरोबर. विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने १९५० च्या सुमारास लोणी परिसरात प्रवरेचा सहकारी कारखाना उभा राहिला, तेव्हा शेतकऱ्यांनी पदरमोड करून त्याचे भाग घेतले. कारखाना चालेलच, अशी हमी त्या वेळी कोणीही देऊ शकत नव्हते. पुढे जिल्ह्यात एकामागून एक कारखाने निघाले आणि ‘आम्ही कारखान्याचे सभासद आहोत’ हे सांगण्यात घराची पत दिसू लागली.

त्याच घरांतील तिसऱ्या पिढीच्या हाती आता वेगळा शेअर येत आहे. पुण्यातील किंवा बंगळुरूतील एखाद्या नव्या तंत्रज्ञान कंपनीचे नियुक्तीपत्र येते. त्यात पगार सध्याच्या नोकरीपेक्षा थोडा कमी असतो. पण सोबत कंपनीचे काही हजार शेअर देण्याचे आश्वासन असते. स्थिर नोकरी सोडून तिकडे जावे का, हा प्रश्न मग एकट्या अभियंत्याचा राहत नाही. घराचे हप्ते, धाकट्या भावंडाचे शिक्षण, ठरत आलेले लग्न या सर्वांचा हिशेब त्यात येतो. दुर्दैवाने, निर्णय बहुधा त्या शेअरचा खरा अर्थ न कळताच घेतला जातो.

वाट कुठून निघाली

१९८३ मध्ये राज्यात विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली आणि त्याच वर्षी लोणी, संगमनेर व कोपरगाव येथे अनुक्रमे प्रवरा, अमृतवाहिनी व संजीवनी या संस्थांची महाविद्यालये सुरू झाली. तिन्हींची पाळेमुळे सहकारी साखर कारखान्यांच्या परिसरात होती. उसाच्या पैशातून उभ्या राहिलेल्या या वर्गांतून बाहेर पडलेल्या मुलांना नगरच्या औद्योगिक वसाहतीने काही प्रमाणात सामावून घेतले; उरलेल्यांनी सव्वाशे किलोमीटरवरील पुणे गाठले. १९९० नंतर संगणक उद्योग वाढला तशी ही वाट रुंद झाली.

या वाटेवर पूर्वी एक गृहीतक असे. मोठ्या कंपनीत एकदा चिकटले की निवृत्तीपर्यंत काळजी नाही. स्टार्टअपने ते मोडीत काढले. केंद्र सरकारची ‘स्टार्टअप इंडिया’ योजना १६ जानेवारी २०१६ रोजी सुरू झाली आणि त्यानंतर हा शब्द तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचला. त्याबरोबर ‘दर दोन-तीन वर्षांनी नोकरी बदलणे’ हेही पोहोचले. वडिलांच्या पिढीला त्यात धरसोड दिसते, मुलाला प्रगती दिसते. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे.

कामाचा वेगळा पोत

मोठ्या कंपनीत कामाच्या वाटण्या ठरलेल्या असतात. स्टार्टअपमध्ये एकच अभियंता सकाळी प्रोग्राम लिहितो, दुपारी ग्राहकाची तक्रार ऐकतो आणि रात्री बंद पडलेला सर्व्हर सुरू करतो. पाच वर्षांत जे शिकायला मिळते ते येथे दोन वर्षांत मिळते, असे सांगितले जाते आणि अनेकांच्या बाबतीत ते खरेही असते. मात्र हे शिक्षण रुंद असते, खोल असतेच असे नाही. एखाद्या विषयात दहा वर्षे मुरलेल्या माणसाची जागा त्याने भरून निघत नाही.

दुसरी गोष्ट अनिश्चिततेची. बाजाराचा अंदाज चुकला की स्टार्टअप धंद्याची दिशाच बदलते. वर्षभर खपून केलेले काम एका बैठकीत बाजूला ठेवले जाते. कामाशी मन जोडून घेणाऱ्याला हा घाव जिव्हारी लागतो. शिवाय कंपनीचे नाव गावात कोणी ऐकलेले नसते. सणासुदीला घरी गेल्यावर ‘सध्या कुठे असतोस?’ या साध्या प्रश्नाचे उत्तर लांबते आणि स्थळ पाहायला आलेल्या मंडळींना ते पटेलच असे नाही. नोकरी बदलताना माणूस पगाराबरोबर आपली ओळखही बदलत असतो, याची जाणीव अशा वेळी होते.

ईसॉपचे गणित

कर्मचाऱ्याला शेअर देण्याच्या या योजनेला ‘ईसॉप’ म्हणतात. नियुक्तीपत्रातील आकडा म्हणजे हाती आलेले शेअर नव्हेत; भविष्यात ठरलेल्या किमतीला ते विकत घेण्याचा तो हक्क आहे. हा हक्कही टप्प्याटप्प्याने पक्का होतो. कंपनी कायद्याच्या नियमांनुसार देऊ केल्यापासून किमान एक वर्ष जावे लागते. सर्वसाधारणपणे चार वर्षांची मुदत असते. पहिले वर्ष पूर्ण झाल्यावर पाव हिस्सा पक्का होतो आणि उरलेला पुढील तीन वर्षांत. अकराव्या महिन्यात नोकरी सुटली तर हाती काहीच लागत नाही.

एक कल्पित उदाहरण घेऊ. एका अभियंत्याला चार हजार शेअरचा हक्क दहा रुपये दराने मिळाला. दोन वर्षांत दोन हजार पक्के झाले. तोपर्यंत कंपनीच्या शेअरचे अधिकृत मूल्य १६० रुपये ठरले. त्याने ते घ्यायचे ठरवले तर कंपनीला वीस हजार रुपये द्यावे लागतील. याशिवाय प्रत्येक शेअरमागील दीडशे रुपयांचा फरक, म्हणजे एकूण तीन लाख रुपये, त्याचे पगारी उत्पन्न मानले जाईल. वीस टक्के दराने त्यावर साठ हजार रुपये प्राप्तिकर आणि वर उपकर. म्हणजे सुमारे ऐंशी हजार रुपये खिशातून गेले आणि हाती आले ते बाजारात विकता न येणारे शेअर!

२०२० च्या अर्थसंकल्पाने हा कर पुढे ढकलण्याची सवलत दिली. पण ती सरकारी मान्यतेच्या विशिष्ट निकषांत बसणाऱ्या स्टार्टअपपुरतीच. शिवाय नोकरी सोडताच ती सवलत संपते. अनेक कंपन्यांत तर नोकरी सोडल्यावर पक्के झालेले शेअर घेण्यासाठी जेमतेम तीन महिने मिळतात. त्या मुदतीत पैसे उभे करता आले नाहीत तर हक्क बुडतो.

पंगतीत शेवटी

कारखान्याच्या शेअरशी तुलना केली की फरक स्पष्ट होतो. सहकारात शेअर कितीही असोत, एका सभासदाला एक मत. वार्षिक सभेत उभे राहून अध्यक्षांना जाब विचारण्याचा त्याला अधिकार आहे. शिवाय ऊस घातला की त्याचे पैसे वेगळे मिळतात. शेअर हे त्याच्या उत्पन्नाचे एकमेव साधन नसते. ईसॉपधारक मात्र शेअर प्रत्यक्ष विकत घेईपर्यंत भागधारकच नसतो. त्याला ना मत, ना सभेचे निमंत्रण.

कंपनी विकली गेली तर पैसे कोणाला आधी मिळणार, हेही आधीच लिहिलेले असते. गुंतवणूकदार बहुधा स्वतःची रक्कम प्रथम काढून घेण्याची अट घालतात. गुंतवणूकदारांनी साठ कोटी घातले आणि कंपनी पन्नास कोटींना गेली, तर ‘पन्नास कोटींची विक्री’ ही बातमी छापून येते; पण कर्मचाऱ्याच्या शेअरची किंमत शून्य होऊ शकते. दिवाळखोरी झाल्यास २०१६ च्या संहितेनुसार थकलेल्या पगाराला प्राधान्यक्रमात बऱ्यापैकी वरचे स्थान आहे, भागधारक मात्र पंगतीत अगदी शेवटी बसतात. थकीत पगार आणि शेअर यांत निवड करायची वेळ आलीच, तर हा क्रम लक्षात ठेवलेला बरा.

याचा अर्थ ईसॉप निरर्थक आहे असा नाही. इन्फोसिस १९९३ मध्ये शेअर बाजारात आली आणि १९९४ मध्ये तिने कर्मचाऱ्यांसाठी शेअर योजना आणली. त्यातून सामान्य घरांतील अनेकांच्या हाती मोठी संपत्ती आली. २०१८ मध्ये वॉलमार्टने फ्लिपकार्टमधील बहुसंख्य हिस्सा घेतला, तेव्हाही अनेक कर्मचाऱ्यांच्या शेअरचे पैसे झाले. दुसऱ्या बाजूला, एकेकाळी देशातील सर्वांत मूल्यवान स्टार्टअप गणली गेलेली बायजूज २०२४ मध्ये दिवाळखोरी प्रक्रियेत गेली. दोन्ही उदाहरणे डोळ्यांसमोर असावीत.

ल्युनाचे दुसरे आयुष्य

धंद्याला कलाटणी मिळण्याचे उदाहरण नगरच्या घरचेच आहे. हस्तीमल फिरोदिया यांच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने १९७२ मध्ये ल्युना बाजारात आणली. आयआयटी मुंबई आणि अमेरिकेतील एमआयटी येथे शिकून परतलेले त्यांचे पुत्र अरुण फिरोदिया या कामात होते. नगरच्या कारखान्यातून निघालेली ही छोटी गाडी देशभर पोहोचली. पुढे काळ बदलला, ल्युना थांबली आणि २००८ मध्ये कायनेटिकचा दुचाकी व्यवसाय महिंद्रा समूहाकडे गेला.

अरुण फिरोदिया यांच्या कन्या सुलज्जा फिरोदिया मोटवानी यांनी कार्नेगी मेलन विद्यापीठात व्यवस्थापनाचे शिक्षण आणि कॅलिफोर्नियात वित्तीय विश्लेषणाच्या कंपनीत नोकरी केल्यानंतर घरच्या उद्योगात प्रवेश केला होता. दुचाकी व्यवसाय हातून गेल्यावर त्यांनी विजेवरील वाहनांची कायनेटिक ग्रीन ही कंपनी उभारली. २०१६ मध्ये तिची ई-रिक्षा आली आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये विजेवर चालणारी ई-ल्युना. तिचे उत्पादन नगरमध्येच. त्याच वर्षी कंपनीने ग्रेटर पॅसिफिक कॅपिटल या गुंतवणूक संस्थेकडून अडीच कोटी डॉलर उभे केले.

उद्योजक घराण्याला डाव मोडून पुन्हा मांडता येतो; पगारदाराजवळ तेवढी शिल्लक नसते, हे खरेच. तरीही एक बाब दोघांना समान आहे. पहिल्या डावात मिळवलेले ज्ञान दुसऱ्या डावात कामी आले. नोकरी बदलणाऱ्याने विचारायचा प्रश्न हाच: ही कंपनी उद्या बंद पडली, तर येथून उचलून नेण्यासारखे काय असेल?

घरातील दुसरा आधार

१९८१ मध्ये पुण्यात इन्फोसिस सुरू झाली ती सुधा मूर्ती यांनी बचतीतून दिलेल्या दहा हजार रुपयांवर. नारायण मूर्ती आणि त्यांचे सहकारी पटणी कॉम्प्युटर्समधील नोकरी सोडून आले होते. आरंभीच्या काळात मूर्तींचे घर सुधा मूर्तींच्या पगारावर चालले. रहिमतपूरचे कैलाश काटकर यांची गोष्टही बोलकी आहे. शालेय शिक्षणानंतर पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या दुकानात कामाला लागून पुढे त्यांनी स्वतःचे दुकान काढले. त्या दुकानाच्या कमाईवर धाकटे बंधू संजय यांचे संगणकशास्त्राचे शिक्षण आणि व्हायरसविरोधी प्रणालीचे काम पार पडले. त्यातून आकाराला आलेल्या क्विक हीलची २०१६ मध्ये शेअर बाजारात नोंदणी झाली.

या यशोगाथा सांगताना धाडसाचे कौतुक होते. पण दोन्ही ठिकाणी नव्या कामाच्या मागे महिन्याला येणारा पैसा उभा होता. घरात दुसरा पगार, शेतीचे उत्पन्न किंवा किमान सहा महिन्यांच्या खर्चाची गंगाजळी असेल तर धाडसाला बळ मिळते. नसेल तर पहिल्याच थकलेल्या पगाराला माणूस हातघाईवर येतो आणि मिळेल ती नोकरी धरतो.

सही करण्यापूर्वी

नोकरी बदलताना काही लाभ मागे राहतात, त्यांचाही हिशेब हवा. ग्रॅच्युइटीसाठी सर्वसाधारणपणे एकाच ठिकाणी सलग पाच वर्षांची सेवा लागते. साडेतीन वर्षांवर बाहेर पडणाऱ्याला ती मिळत नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांनी ठरावीक मुदतीच्या कराराने नेमलेल्यांना एका वर्षानंतर ग्रॅच्युइटीचा हक्क दिला आहे. राजीनामा दिल्यावर दोन कामकाजी दिवसांत थकीत वेतन देण्याची तरतूदही त्यांत आहे. भविष्य निर्वाह निधी मात्र नोकरीबरोबर संपत नाही. जुने खाते नव्याशी जोडून घ्यावे.

करारात ‘नोकरी सोडल्यावर दोन वर्षे प्रतिस्पर्ध्याकडे जाणार नाही’ असे कलम असल्यास घाबरून जाण्याचे कारण नाही. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २७ पुढे अशी अट सहसा टिकत नाही. मात्र किमान सेवेचा बाँड ही निराळी बाब आहे. ठरावीक काळाआधी सोडल्यास वाजवी रक्कम भरण्याची अट सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये एका बँकेच्या प्रकरणात वैध ठरवली आहे.

उरले चार प्रश्न, आणि ते विचारण्यात कमीपणा नाही. कंपनीचे एकूण शेअर किती, म्हणजे देऊ केलेले शेअर टक्केवारीत किती? सध्याचा निधी किती महिने पुरेल? नोकरी सोडल्यावर शेअर घ्यायला मुदत किती? विक्री झाल्यास आधी पैसे कोणाला? टक्केवारी न सांगता केवळ हजारांचा आकडा सांगणारी कंपनी अर्धेच सांगत असते. कंपनीचा ताळेबंद कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर ठरावीक शुल्क भरून कोणालाही पाहता येतो.

कारखान्याच्या वार्षिक सभेला जाताना जुने सभासद अहवाल पिशवीत घालून नेत, खुणा करून ठेवलेल्या पानावर बोट ठेवून प्रश्न विचारीत. त्यांच्यातील बहुतेकांचे शिक्षण बेताचेच होते. नव्या शेअरच्या मागे जाणाऱ्या त्यांच्या अभियंता नातवंडांनी नियुक्तीपत्रावर सही करण्यापूर्वी तेवढी सवय उचलली, तरी पुष्कळ मनस्ताप टळेल.