प्रकाश आणि नाद यांचा मेळ

वैशाखातल्या रात्री आमच्या वर्धा जिल्ह्यातील एखाद्या खेड्यात वीज गेली, म्हणजे घरात कंदील लागतो आणि मुले भिंतीवर बोटांच्या सावल्यांचे ससे व हरिणे नाचवू लागतात. इतक्यात कोणी कुत्र्यासारखे भुंकतो आणि भिंतीवरची काळी आकृती क्षणात जिवंत भासते. प्रकाशाला नादाची साथ मिळाली की अशी किमया घडते.

कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धन यांना याच किमयेचा ध्यास लागला होता. मुंबईत चलच्चित्रे प्रथम दाखविली गेली ती १८९६ साली. त्यापूर्वी चार वर्षे, १८९२ मध्ये, पटवर्धनांनी ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने खेळ सुरू केले. पुढे त्यांचे पुत्रही या उद्योगात रमले. शांबरी म्हणजे माया. ‘मॅजिक लँटर्न’ या परदेशी यंत्राला दिलेले हे देशी नाव होय.

या यंत्राची रचना साधी असते. बंद पेटीत प्रखर दिवा, त्याच्यापुढे रंगीत चित्र काढलेली काच आणि तिच्यापुढे बहिर्गोल भिंग. काचेतून आलेले किरण भिंगातून जाऊन पडद्यावर मोठे चित्र उमटवितात. भिंगामुळे प्रतिमा उलटी पडते. म्हणून काच आधीच उलटी धरावी लागते.

शास्त्र एवढेच, खरी कसोटी कलेची! पटवर्धनांच्या काचांवरील चित्रे हाताने रंगविलेली असत. काचेवर कुंचला केसभर चुकला, तर पडद्यावर ती चूक बोटभर दिसणार. एकाच पात्राच्या निरनिराळ्या अवस्था त्वरेने एकामागून एक दाखविल्या, की ते पात्र हालचाल करीत आहे असे वाटे. परंतु चित्रे मुकी होती. त्यांना निवेदनाने, संवादांनी आणि गाण्यांनी वाचा दिली जाई. काच बदलणारा आणि बोलणारा यांचा मेळ चुकला, तर रडणाऱ्या राजाच्या तोंडी हसण्याचे शब्द यावयाचे!

पुढे १९१३ मध्ये दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ आला आणि १९३२ मध्ये ‘अयोध्येचा राजा’ हा चित्रपट मराठीत बोलू लागला. काळाच्या ओघात खरोलिकेचा दिवा मालवला. आज चित्र आणि नाद दोन्ही आपल्यापुढे आयते येतात. आपण केवळ पाहत बसतो.

पण पाहणे निराळे आणि करणे निराळे. १९३७ साली वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हाताने काम करीत शिकण्याचा विचार मांडला. तोच ‘नई तालीम’ या नावाने प्रसिद्ध झाला. बालमित्रांनो, तो विचार येथे अनुभवून पाहा. पाचसहा जण जमा. पुठ्ठ्याचे खोके, विजेरी, भिंग, चित्रे काढलेला पारदर्शक कागद आणि पडद्यासाठी पांढरे धोतर एवढे साहित्य पुरे. सुपात तुरीचे दाणे फिरवले की पावसाची सर ऐकू येईल. पत्रा हलविला की मेघ गर्जतील.

प्रथम चित्र अंधुक दिसेल. खचू नका, भिंग हळूहळू मागेपुढे करा. वीज चमकण्याआधीच मेघ गरजले, तर पुन्हा आरंभ करा. अखेर सर्वांचे हात एका लयीत चालू लागतील आणि धोतरावर खराखुरा पाऊस पडू लागेल. त्या पावसाचा आनंद विकत मिळत नाही.