कुत्र्याच्या पिलांची रक्ती हगवण

मावळांतील शेतकऱ्याच्या घरीं कुत्रें हौसेचें नसतें, राखणीचें असतें. अंदर मावळ, नाणे मावळ व पवन मावळ येथील वाड्यावस्त्या रानाला लागून असल्यामुळें बिबट्याची चाहूल प्रथम त्यालाच लागते. असें असतां, पाळलेलें पिलूं चार दिवसांत ओकून व रक्त हगून मेलें, तर नासकें खाल्लें असेल, नाहीं तर नजर लागली असेल, एवढें बोलून आपण दुसरें पिलूं आणतों व त्याच पडवींत बांधतों. तेंही मरतें. या दुसऱ्या मरणाचें कारण आम्हांस विशेषेंकरून सांगावयाचें आहे.

हा रोग पुष्कळदां पार्व्होव्हायरस नांवाच्या विषाणूपासून होतो. जुन्या पशुवैद्यक ग्रंथांत त्याचें नांव सांपडणार नाहीं. कारण तो १९७८ सालीं प्रथम ओळखला गेला व थोड्याच वर्षांत जगभर पसरला. आंतड्याचें अस्तर सारखें झिजत व सारखें नवें होत असतें. नवें अस्तर जेथें तयार होतें, नेमका तेथेंच हा विषाणू घाव घालतो. मग आंतडें आंतून सोलल्यासारखें होऊन त्याचा दाह होतो, रक्त झिरपतें व आंतड्यांतील जंतू रक्तांत शिरतात. त्याच वेळीं त्या जंतूंशीं झुंजणाऱ्या रक्तांतील पांढऱ्या पेशीही कमी पडतात.

लागण झाल्यापासून तीन ते सात दिवसांनीं पिलूं मलूल होतें, खाणें सोडतें, ओकूं लागतें. नंतर उग्र दुर्गंधीची पातळ हगवण लागते. दीड ते सहा महिन्यांच्या पिलांस धोका अधिक. पोटांतील कृमींमुळेंही विष्ठेंत रक्त येतें, म्हणून निदान डॉक्टरांकडूनच करवावें.

रोगी पिलाच्या विष्ठेंतून असंख्य विषाणू बाहेर पडतात, व सावलीच्या दमट मातींत कित्येक महिने, प्रसंगीं वर्षभरही, टिकतात. लोणावळ्याकडे पावसाळ्यांत दिवसचे दिवस ऊन दिसत नाहीं. तेथें पडवीची जमीन वाळावी कशी? पायताण, गोणपाट, खाण्याचें भांडें यांबरोबरही हा रोग घरोघर जातो. फिनेलवर भरंवसा ठेवूं नये. फरशी असल्यास ती आधीं स्वच्छ धुवून, एक भाग ब्लीच तीस भाग पाण्यांत मिसळून दहा मिनिटें ओली ठेवावी. शेणामातीच्या भुईवर मात्र हें द्रावण निकामी ठरतें. अशा जागीं वर्षभर तरी, सर्व टोचण्या पुऱ्या झाल्यावांचून, नवें पिलूं आणूं नये.

“आम्हीं तर टोचून घेतलें होतें,” असें कित्येक शेतकरी म्हणतात, व लशीवर रागावतात. त्यांचें म्हणणें खोटें नसतें. पिलास आईच्या चिकांतून संरक्षण मिळतें; पण तेंच संरक्षण लशीलाही निष्फळ करतें. तें केव्हां ओसरेल हें प्रत्येक पिलाचें निराळें. म्हणून सहा ते आठ आठवड्यांच्या वयापासून दर तीन-चार आठवड्यांनीं, वय सोळा आठवडे पुरें होईपर्यंत, पुन्हा पुन्हा टोचावें लागतें, व पुढें वर्षानें एकदां. भातलावणीच्या गर्दींत शेवटची टोचणी राहते, आणि बहुधा तीच कामाची असते.

विषाणूस मारणारें औषध आपल्या दवाखान्यांत मिळत नाहीं. पण पिलूं दगावतें तें मुख्यतः अंगांतील पाणी आटल्यानें व जंतूंनीं. शिरेंतून सलाईन, ओकारी थांबविणारें औषध व प्रतिजैविक वेळेवर मिळाल्यास बहुतेक पिलें वांचूं शकतात. न मिळाल्यास बहुतेक मरतात. म्हणून ओकारी सुरू होतांच जवळचा गुरांचा दवाखाना गांठावा. रात्र काढूं नये. अवघड रोग्यास शिरवळ अथवा परळ येथील पशुवैद्यकीय महाविद्यालयांकडे नेतां येतें. पिलूं टोपलींत घालून न्यावें, दवाखान्याच्या भुईवर सोडूं नये. तेथें इतरांचींही पिलें येतात. ओकत असतां हळदीचें दूध किंवा तूप घशांत ओतल्यास तें फुप्फुसांत उतरण्याचें भय असतें. माणसांच्या वेदनाशामक गोळ्या तर मुळींच देऊं नयेत.

माणसांस व गुरांस हा रोग होत नाहीं. तरीही मेलेलें पिलूं ओढ्यांत न टाकतां, वस्तीपासून दूर खोल खड्ड्यांत पुरावें, व त्याचें अंथरूण जाळावें.