परदेशी गेलेले ज्ञान परत कसे येते?

उच्चशिक्षित माणूस देश सोडतो तेव्हा त्याच्या कामाबरोबर त्याचा सहवासही जातो. हे दुसरे नुकसान अधिक खोल. प्रयोग कुठे फसला, यंत्र कशाने अडले, हे शोधनिबंधात क्वचितच उतरते. ते शेजारी बसूनच कळते. उलट परदेशस्थ माणूस तिथले नवे ज्ञान मायदेशी पोहोचवूही शकतो. अजय अग्रवाल, देवेश कपूर आणि सहकारी अभ्यासकांनी २०११ मध्ये भारतीय संशोधकांच्या पेटंटांवरून हा ताळेबंद मांडला. एकंदरीत सहवासाचे पारडे जड निघाले. सर्वांत मोलाच्या शोधांना मात्र परदेशस्थांच्या ज्ञानाचा आधार अधिक होता.

इंटरनेटमुळे ही देवाणघेवाण स्वस्त झाली. भारतात सर्वसामान्यांसाठी ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी खुले झाले. पण नुसत्या जोडणीने शोध लागत नाहीत. आलेले ज्ञान पचवणारा गट इकडे लागतो. अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे विजय भटकर नागपूर, बडोदा आणि दिल्लीत शिकले व देशातच राहिले. अमेरिकेने महासंगणक नाकारल्यावर १९८८ मध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली पुण्यात सी-डॅक ही संगणक संशोधन संस्था उभी राहिली आणि १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा महासंगणक तयार झाला. त्यातले ट्रान्सप्युटर हे प्रोसेसर ब्रिटिश बनावटीचे होते. त्यांना एकत्र कामाला लावण्याची विद्या मात्र इथल्या गटाने कमावली. इंटरनेट घरोघरी येण्याआधीची ही गोष्ट आहे, हे विसरता कामा नये. आनंद देशपांडे अमेरिकेतून परतले आणि १९९० मध्ये त्यांनी ‘पर्सिस्टंट’ ही सॉफ्टवेअर कंपनी सुरू केली, तीही पुण्यातच.

वऱ्हाडचा खरा प्रश्न इथेच आहे: असे गट पुण्यात उभे राहतात, वऱ्हाडात नाहीत. अमरावतीत १९६४ पासून, बडनेऱ्यात १९८३ पासून अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत. तिथे शिकलेली कितीतरी मुले आधी पुणे-मुंबई गाठतात, काही पुढे परदेश. मेळघाटातले हरिसाल २०१६ मध्ये डिजिटल गाव म्हणून पुढे आले. दुर्गम गावाला दूरस्थ वैद्यकीय सल्ला मिळणे मोलाचेच. पण ती सेवा आहे, संशोधन नव्हे.

संशोधनाची संधी वस्त्रोद्योगात आहे. अमरावतीजवळच्या नांदगाव पेठ परिसरातल्या वस्त्रोद्योग वसाहतीशेजारी हजार एकरांच्या ‘पीएम मित्र’ पार्कची पायाभरणी २० सप्टेंबर २०२४ रोजी झाली. सूत का तुटते, रंग का धरत नाही, हे परदेशातला वऱ्हाडी अभियंता व्हिडिओ कॉलवर समजावू शकेल. त्यासाठी सूत हातात घेऊन तपासणारा, त्या अभियंत्याला नेमका प्रश्न विचारणारा तंत्रज्ञ नांदगाव पेठेतच हवा. त्याला तिथे टिकवायचे तर गिरणीच्या नोकरीइतकीच चाचणी प्रयोगशाळा आणि अकोल्याच्या कृषी विद्यापीठातल्या कापूस संशोधकांशी रोजचा संबंध गरजेचा आहे.